सुरगाठ

मनुष्याची खरी परीक्षा मोठ्या प्रसंगी होते, असे सांगणारे लोक बहुधा कधी डोंगर उतरलेले नसावेत. डोंगर उतरताना मनुष्याची परीक्षा त्याच्या बुटाच्या नाडीवर होते, आणि त्या परीक्षेत आम्ही पन्नाशी उलटल्यावर सपशेल नापास झालो. दुसऱ्यांचे पेपर तपासण्यात ज्याची हयात गेली त्याला ही कबुली देणे सुखाचे नाही. परंतु ती दिल्यावाचून पुढचे काहीच सांगता येत नाही.

आपल्या भाषेने गाठींचे दोन वर्ग फार पूर्वीच पाडून ठेवले आहेत. जी सुटता सुटत नाही ती निरगाठ, आणि टोक ओढताच जी विनातक्रार मोकळी होते ती सुरगाठ. बुटाच्या नाडीला सुरगाठच हवी. कारण दिवसभर पायपीट करून घरी आल्यावर उंबऱ्याशी बसून नखांनी गाठ उकलण्याची हौस कोणालाच नसते. मात्र या बिचाऱ्या सुरगाठीकडून आपली अपेक्षा मोठी चमत्कारिक असते. आपण ओढू त्या क्षणी तिने सुटावे आणि आपण ओढत नाही तोवर तिने मुळीच सुटू नये! ही अपेक्षा आजकालची नव्हे. आर्मेनियातील एका गुहेत २००८ साली चामड्याचा एक जोडा सापडला. तो सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्यालाही चामड्याची नाडी आहे. तो घालून हिंडणारा मनुष्यही वाटेत कोठेतरी खाली वाकून, स्वतःशी पुटपुटत, सुटलेली नाडी पुन्हा बांधीत असेल असे आमच्या मनात येते, आणि त्याच्याविषयी बंधुभाव वाटू लागतो.

आता आमच्या नापाशीची हकीकत. चार वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात दहाबारा विद्यार्थ्यांबरोबर आम्ही राजगडावर गेलो होतो. रात्र पद्मावती माचीवर काढली आणि सकाळी चोरदरवाजाने गुंजवणे गावाकडे उतरू लागलो. या दरवाजाखालचा कातळ चांगलाच उभा आहे. तेथे धरायला लोखंडी कठडे आहेत. पण मनुष्याचे खरे रक्षण करते ती त्याची भीती. तो कातळ आम्ही हातापायांनी, जिवाच्या कराराने उतरलो. पुढे मुरमाची वाट लागली, भीती ओसरली, गप्पा सुरू झाल्या. त्या दिवशी सकाळपासून आमच्या उजव्या बुटाची नाडी दोनदा सुटली होती आणि दोन्ही वेळा आम्ही ती नेहमीप्रमाणे बांधली होती. तिसऱ्यांदा ती केव्हा सुटली हे आम्हांस कळले नाही. कळले ते इतकेच, की डाव्या बुटाखाली तिचे टोक दाबले गेले, उजवा पाय उचलला पण तो पुढे येईना, आणि आम्ही सर्व देहभारासह पुढे झोकले गेलो.

आमच्या दोन पावले खाली एक विद्यार्थी चालला होता. आवाज ऐकून तो वळला आणि आम्हांस सावरण्यासाठी त्याने दोन्ही हात पुढे केले. आम्ही त्याच्यावर कोसळलो, तो मागे कलंडला, आणि त्याचे उजवे मनगट त्याच्याच अंगाखाली सापडले. आमचा गुडघा थोडासा खरचटला. त्याचे मनगट मोडले.

"सरांच्या पायाखालचा दगड निसटला वाटतं!" वरून कोणीतरी म्हणाले. आम्ही नाडीकडे पाहिले. 'दगड नव्हे, नाडी,' एवढे तीन शब्द बोलायचे होते. ते आम्ही बोललो नाही. गुडघा चोळण्याच्या निमित्ताने खाली वाकलो आणि नाडी गुपचूप बांधून टाकली.

विद्यार्थ्यांत एन. सी. सी. मधली एक मुलगी होती. तिने आपल्या ओढणीची झोळी करून त्याचा हात गळ्यात अडकवला आणि खांद्यापाशी गाठ मारली. गाठ कशी चापूनचोपून सपाट बसली होती! खाली गावात पोचेपर्यंत ती ढिली झाली नाही. त्याला गाडीत बसवून झाल्यावर ती मुलगी आमच्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, रागावणार नसाल तर एक सांगू? तुमच्या नाडीचं फूल आडवं बसत नाही, उभं राहतं. गाठ उलटी पडते आहे. ती पुन्हा सुटेल." म्हणजे तिने पाहिले होते!

घरी आल्यावर आम्ही बूट पुढ्यात घेऊन बसलो, आणि पन्नास वर्षे रोज केलेली क्रिया प्रथमच डोळे उघडे ठेवून पाहिली. सुरगाठ ही वस्तुतः दोन अर्ध्या गाठींची बनलेली असते. प्रथम दोन टोकांची एकमेकांवर आढी घालून ती आवळायची. मग त्याच टोकांचे फास करून दुसरी आढी घालायची. पहिल्या आढीत उजवे टोक डाव्यावर आले असेल, तर दुसरीत डावे उजव्यावर यावयास हवे. अशा परस्परविरुद्ध दोन आढ्या एकमेकींना धरून ठेवतात आणि फूल पावलावर आडवे बसते. खलाशी शीड आखडताना जी रीफ नॉट मारतात आणि जखमेची पट्टी बांधणारे जी वापरतात, ती हीच. परंतु दोन्ही आढ्या एकाच दिशेने घातल्या, तर गाठ पिळवटते आणि फुलाचा एक कान घोट्याकडे व दुसरा बोटांकडे वळतो. हिला इंग्रजीत ग्रॅनी नॉट, म्हणजे आजीबाईची गाठ, म्हणतात. आमच्या आजीने लुगड्याच्या पदराला सुट्ट्या पैशांवर मारलेली गाठ आम्ही पुष्कळदा चोरून सोडू पाहिली होती. ती कधी सुटली नाही. तेव्हा हे नाव ज्या कोणा साहेबाने ठेवले त्याला आजीबाईंचा अनुभव बेताचाच असावा!

पण नुसती उलटी गाठ आपोआप सुटते कशी? ती ओढतो कोण? या प्रश्नाचा छडा अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठाच्या तिघा संशोधकांनी लावला, आणि २०१७ साली त्यांचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चालत्या पट्ट्यावर धावणाऱ्या पायाचे अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून त्यांनी दाखवले, की पाऊल जमिनीवर आपटते तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो. त्या धक्क्याने गाठ ताणते आणि सैलावते. त्याच वेळी झुलणाऱ्या पायाबरोबर नाडीची मोकळी टोके चाबकासारखी फटकारत असतात आणि जणू अदृश्य हाताने ओढावे तशी गाठ ओढतात. बराच वेळ काहीच घडत नाही; पण एकदा का टोक किंचित सरकले, की दोनचार पावलांतच सारा खेळ आटोपतो. यातली मौज अशी, की खुर्चीवर बसून नुसते पाय झुलवले तर गाठ सुटत नाही, आणि एका जागी उभे राहून नुसते पाय आपटले तरीही सुटत नाही. दोन्ही एकत्र आले म्हणजे सुटते. सुलटी गाठदेखील यातून सर्वस्वी वाचत नाही. मात्र ती उलटीपेक्षा कितीतरी अधिक टिकते. उतारावर पावलांची आपट वाढते हे कोणीही सांगेल. त्यात आमच्या बुटाच्या नाड्या गोल आणि गुळगुळीत, कृत्रिम धाग्याच्या. जुन्या चपट्या सुती नाड्या निदान एकमेकींना धरून तरी राहात.

रोगाचे निदान झाले. उपाय तर हास्यास्पद वाटावा इतका सोपा. दुसरी आढी आहे तशीच ठेवायची, फक्त पहिली उलट्या बाजूने घालायची. परंतु ही चूक आमच्या हातात शिरली कोठून, हा प्रश्न मनातून जाईना. नाडी बांधायला आम्हांस अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, शिकवले. अण्णा फार काटेकोर. त्यांच्या हातून उलटी गाठ पडेल हे संभवेना. आम्ही त्यांचा एक जुना फोटो काढून भिंगाखाली धरला. खुर्चीवर बसलेले अण्णा, पायांत काळे बूट, आणि दोन्ही बुटांवर नाडीचे फूल स्वच्छ आडवे!

मग हळूहळू तो प्रसंग आठवला. शाळेसाठी कॅनव्हासचे पांढरे बूट आणले होते. अण्णा अंगणाच्या पायरीवर आमच्या समोर बसले आणि स्वतःच्या बुटावर पहिली आढी घालून म्हणाले, "असं कर." आम्ही केले, पण आरशात पाहून करावे तसे. त्यांच्या डाव्या हाताचे काम आमच्या उजव्या हाताने केले, उजव्याचे डाव्याने. आढी पडली, आवळली गेली, अण्णा संतुष्ट झाले. पुढचे फासाचे काम मात्र आम्हांस काही केल्या जमेना. तेव्हा ते उठले, आमच्या पाठीमागे येऊन बसले, आमचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि दुसरी आढी त्यांनी घालून घेतली; ही अर्थातच त्यांची जशीच्या तशी. पहिली अर्धी गाठ समोरून शिकलो, दुसरी पाठीमागून. दोन्ही शिकवण्या अचूक होत्या आणि दोन्ही आम्ही मनापासून आत्मसात केल्या. चूक होती ती दोहोंच्या सांध्यात, आणि तेथे कोणीच पाहिले नाही.

हे उमगले तेव्हा आम्ही थोडे अस्वस्थ झालो. आम्ही स्वतः आजवर वर्गात मुलांच्या समोर उभे राहूनच शिकवले आहे. आमच्याकडून जे गेले त्यातले किती जसेच्या तसे पोचले आणि किती आरशातून गेल्यासारखे उलटे होऊन पोचले, हे कोणत्या भिंगाखाली पाहावे?

त्या विद्यार्थ्याचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. परीक्षा जवळ आलेली. आम्ही रोज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन तो सांगेल त्या टिपणांचा लेखनिक झालो. त्याची आई चहा पुढे करून म्हणे, "सरांना किती त्रास! इतकं कोण करतं हो?" तो चहा आमच्या घशाखाली उतरत नसे. प्लास्टर निघाले त्या दिवशी मात्र आम्ही मनाचा हिय्या करून त्याला म्हणालो, "दगड निसटला नव्हता. आमची नाडी सुटली होती. सकाळपासून तिसऱ्यांदा."

तो क्षणभर आमच्याकडे पाहात राहिला, मग म्हणाला, "ठाऊक होतं सर. तिनं मला त्याच दिवशी गाडीत सांगितलं."

"मग इतके दिवस बोलला नाहीस तो?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो."

त्याच्या स्वरात टोचणी नव्हती. त्यामुळेच ते वाक्य अधिक टोचले. सहा आठवडे हा मुलगा रोज आमच्या समोर बसला होता, आणि आम्ही उपकार करीत आहो असे त्याच्या आईला वाटू देत आम्ही खाली मान घालून लिहीत होतो. एखादी गोष्ट सुटली आहे, हे बहुधा आपल्याखेरीज सर्वांना दिसत असते. चारचौघांसमोर खाली वाकून ती बांधायला आपली मान तयार नसते, इतकेच.

तेव्हापासून गडावर जाताना आमचे काही नियम ठरले आहेत. निघाल्यावर पंधरावीस मिनिटांनी पाऊल बुटात नीट बसते आणि नाडी सैलावते. तेव्हा एकदा थांबून ती पुन्हा आवळायची. उतार लागण्यापूर्वी घोट्याच्या बाकाशी आढीला एक जादा वेढा द्यायचा, म्हणजे टाच जागची हलत नाही आणि बोटे बुटाच्या पुढच्या बाजूवर आदळत नाहीत. फुलाचे कान आणि टोके खालच्या आढ्यांत खोचून टाकायची, म्हणजे ती काट्याकुट्यांत अडकत नाहीत आणि फटकारायला मोकळीही राहात नाहीत. नाडी सुटली तर 'दोन पावलांवर बांधू' म्हणायचे नाही. सर्वांना थांबायला सांगून तेथेच बांधायची. शेवटचा नियम आम्हांस सर्वांत जड गेला. अजूनही पहिली आढी घालताना हात जुन्याच वाटेने निघतो. आम्ही त्याला थांबवतो, टोके सोडतो आणि पुन्हा आरंभ करतो. मागून येणारी मुले तोवर स्वस्थ उभी राहतात.

अलीकडे आमच्या पुतण्याच्या मुलीला नाडी बांधायला शिकवण्याची वेळ आली. ती पायरीवर बसली होती आणि तिच्या समोरची जागा मोकळी होती. आम्ही तेथे बसलो नाही. तिच्या शेजारी, त्याच पायरीवर, ती जिकडे तोंड करून बसली होती तिकडेच तोंड करून बसलो, आणि आमचा बूट तिच्या बुटाला लावून ठेवला. तिला अर्धा तास लागला. फूल वेडेवाकडे झाले, एक कान मोठा, एक लहान. पण बसले ते आडवे.