रोह्याच्या नावाचा कागद

'परवाना' हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याच फारसीत दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगालाही 'परवाना' म्हणतात आणि उर्दू शायरीने त्या पतंगाला अमर केले आहे. वर्गात हे सांगितले की मुलांना गंमत वाटते. आमच्या भागातल्या मुलांना जरा जास्तच वाटते, कारण त्यांच्यापैकी काहींच्या घरी परवाना म्हणजे शेतात घुसणारे रोही आणि रानडुकरे मारण्याची परवानगी मागणारा अर्ज असतो. एकाच शब्दात जाळणारी ज्योत आणि शिक्का मारलेला कागद एकत्र नांदावेत, हे मला अलीकडे केवळ भाषिक योगायोग वाटेनासे झाले आहे.

सिंदी (रेल्वे) हे नागपूर-वर्धा लोहमार्गावरचे, सेलू तालुक्यातले आमचे गाव. तान्हा पोळ्यासाठी ते ओळखले जाते. तालुक्यातच बोरचे जंगल आहे. ते 1970 मध्ये अभयारण्य झाले आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प. रोह्याला मात्र जंगल लागतेच असे नाही. तूर छातीएवढी वाढली की तोच त्याचा आडोसा होतो. दिवसभर नाल्याकाठच्या झुडपांत थांबायचे आणि अंधार पडला की हरभऱ्यात उतरायचे, असा त्याचा क्रम. खाण्याइतकेच तुडवण्याने नुकसान होते. बाबा रात्री जागलीला जात तेव्हा त्यांच्याजवळ विजेरी, रिकामा डबा आणि फटाके असत. रोह्याला ठराविक जागी लेंड्या टाकायची सवय असते. त्या ढिगांवरून कळप केवढा आहे, याचा ते अंदाज बांधीत. आमच्या शिवारातली रोह्यांची मोजदाद एवढीच.

छापील मराठीत या प्राण्याला नीलगाय म्हणतात. वास्तविक तो कुरंगांच्या कुळातला, भारतातला सर्वांत मोठा कुरंग. 'गाय' हे त्याला नावाने मिळालेले संरक्षण आहे. आमच्या बोलीतल्या 'रोही' या नावात ते नाही आणि म्हणून त्या नावात भक्तीही नाही; आहे ती केवळ ओळख, जुन्या शेजाऱ्याची असते तशी. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. प्राण्याला कोणत्या नावाने हाक मारायची, यावर पुष्कळदा त्याचे मरण-जगणे ठरते. 2015 च्या अखेरीस बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय उपद्रवी प्राणी म्हणून घोषित झाली आणि जून 2016 मध्ये मोकामा परिसरात बाहेरून आणलेल्या बंदूकधाऱ्यांनी शेकड्यांनी नीलगाई मारल्या. त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्ये जाहीर खडाजंगी झाली. मनेका गांधींनी त्या वेळी चंद्रपूरच्या रानडुकरांचाही उल्लेख केला होता, म्हणजे वाद आमच्या उंबऱ्यापर्यंत आलेला होता. त्या चर्चेत दया पुष्कळ होती आणि रागही पुष्कळ होता. मोजणीबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नव्हते.

मोजणीची गोष्ट निघाली की मला अमेरिकेतल्या मूसची आठवण होते. मूस हा हरिणकुळातला सर्वांत थोराड प्राणी. तिकडच्या मेन राज्यात 1980 पासून मूसच्या शिकारीचे परवाने सोडत काढून देतात. राज्याने आधी कळपांचा अंदाज घ्यायचा, त्यावरून किती मारायचे ते ठरवायचे आणि तितकेच परवाने वाटायचे, ही पद्धत. संख्या घटली की कागदही घटतात. मिनेसोटात 2006 मध्ये सुमारे 8,800 मूस होते. 2013 च्या अंदाजात ते तीन हजारांच्याही खाली आले आणि त्या वर्षी राज्याने शिकार बंद केली. मेनमध्ये पेच आणखी विलक्षण आहे. हिवाळे सौम्य होऊ लागल्याने तेथे गोचिडी माजल्या. एकेका वासराच्या अंगावर हजारो गोचिडी, आणि वसंत येईतो त्याच्यात रक्त उरत नाही. कळप दाट असला की गोचिडीचे फावते. म्हणून 2021 पासून राज्याच्या एका भागात मूस विरळ करून पाहावेत, असे ठरवून जास्तीचे परवाने देण्यात आले. प्राणी टिकावा म्हणून त्याला मारण्याची परवानगी वाढवायची! हे बरोबर की चूक, यावर तिथेही मतभेद आहेत. परंतु निदान वाद घालायला दोन्ही पक्षांच्या हाती एक आकडा आहे.

आमच्याकडे कायदा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चा. त्याचे कलम 11 सांगते की उभ्या पिकाला धोका झाला तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, कारणे नमूद करून, अशा प्राण्याच्या शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतो. कारणे नमूद करून, हे शब्द मला मोलाचे वाटतात. एका मुक्या जिवाच्या मरणाचे कारण कोणीतरी सही करून लिहावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून बोरच्या पाणवठ्यांवर प्राणी टिपले जातात तेही चांगलेच. पण तुरीत राहणारा रोही त्या रात्री तिथे पाणी प्यायला जात नाही. तो कालव्यावर पितो. तेव्हा कागदावर किती मारायचे ते येते, किती आहेत ते येत नाही. आणि परवानगी मिळाली तरी बंदूक कोणाकडे आहे, हा प्रश्न उरतोच. एका हंगामात आम्हीही अर्ज केला होता. उत्तर आले तेव्हा हरभरा निघून गेला होता.

मग रात्र आणि तार उरते. बॅटरीवर चालणाऱ्या झटका मशीनने जनावर मरत नाही, दचकून मागे फिरते. ज्याला ते परवडत नाही तो कधी थेट खांबावरून वीज घेतो. ऑक्टोबर 2017 मध्ये याच जिल्ह्यात, कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या सिंदीविहिरी शिवारात, एक वाघीण अशा तारेला चिकटून मेली. ती ब्रह्मपुरीकडे पकडून त्याच वर्षी बोरमध्ये आणून सोडलेली होती. पुढे माणसे दगावली आणि तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला. तो न्यायालयातही गाजला. इतके कागद तिच्या नावावर जमले, पण ती मेली ती ज्याच्यावर कोणाचीही सही नव्हती अशा तारेने, आणि ती तार तिच्यासाठी लावलेलीही नव्हती. शाकुंतलाच्या आरंभी राजाचा बाण तापसाच्या शब्दाने थांबतो. बाण थांबतो, कारण तो कोणाच्या तरी हातात असतो. तारेला हात नसतो. तिला कोण काय सांगणार?

माझ्या ओळखीचे निसर्गप्रेमी परवान्याला हत्येचे पत्र म्हणतात आणि माझ्या नात्यातले शेतकरी त्याला थट्टा म्हणतात. दोघांनाही मी नाकारू शकत नाही. परवाना असला म्हणजे प्राणी वाचतोच, असेही इतिहास सांगत नाही. वर्धा ज्या मध्य प्रांतात होता, तेथे इंग्रजी अमदानीत जंगलाचे गट पाडून, जनावरांची संख्या ठरवून शिकारीचे परवाने देत. तरी कान्हाचा बारशिंगा 1938 च्या सुमाराच्या तीन हजारांवरून 1970 मध्ये 66 वर आला. कारण केवळ बंदूक नव्हते. त्याचे गवताळ कुरणही आक्रसले होते. पण तो 66 हा आकडा कोणीतरी मोजून लिहिला, म्हणून धावाधाव झाली आणि आज बारशिंगे हजाराच्या आसपास आहेत. ज्याची गणती नाही त्याचे कमी होणे दिसत नाही आणि वाढणेही सिद्ध होत नाही. रोही आज विपुल दिसतो, हीच त्याच्याबाबत निष्काळजी राहण्याची सबब होऊ नये. माळढोकाचे नाव अभयारण्याला देणाऱ्या महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे, हे आपण पाहतोच आहोत.

व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रानात गेले आणि पुढे वही घेऊन गेले. त्या वहीतून 'नागझिरा' आले. या प्रवासाकडे आपण करुणेचा विजय म्हणून पाहतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: पाहिलेले नोंदवण्याची शिस्त. ती शिस्त शिवारात यायला हवी. किती रोही आहेत, किती पीक गेले, किती तारेवर मेले आणि किती परवान्याने मारले, या चार रकान्यांची वही ग्रामपंचायतीत असावी. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी ती भरावी. जागलीला गेलेल्या माणसाला हे सारे ठाऊक असते, फक्त त्याला कोणी विचारत नाही. मारायचे की नाही, हा प्रश्न त्या वहीने सुटणार नाही. पण मारले तर कोणी, किती आणि का, हे लिहिलेले राहील. आणि ज्याचे पीक गेले त्याचे दुःखही त्याच पानावर, रोह्याच्या शेजारी, असेल.