तीन डबे आणि कारवानीचं पोट

आमच्या बेळगाव भागात कारवानी कुत्रं बघायला आलेला माणूस आधी त्याची छाती आणि कंबर बघतो. छाती खोल, कंबर मुठीत मावेल अशी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोडी पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली आणि 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं. २००५ साली टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं, लष्कराने पिल्लं मेरठला प्रशिक्षणाला नेली. त्यांच्या धावण्याबद्दल सगळे बोलतात, पोटाबद्दल कुणीच नाही.

माझ्या मामांच्या मळ्यावर चंद्या नावाचा कारवानी आहे. रात्री उसाची राखण, पहाटे माळावर धाव. त्याच्या आधीची कुत्री धावून आल्या आल्या पोटभर जेवली आणि त्याच रात्री पोट फुगून गेली. खोल छातीच्या कुत्र्यांना हा धोका जास्त असतो. जठर वायूने फुगतं, पीळ पडतो आणि काही तासांत खेळ संपतो. त्यामुळे चंद्याला हगवण लागली, शीतून शेंब पडू लागली, तेव्हा मामा घाबरले. दुकानातून तीन डबे आले: प्रोबायोटिक पावडर, कॅल्शियम आणि माशाचं तेल. तिन्ही एकदम सुरू. खर्च महिन्याला अडीच हजार, आणि चंद्या उलट वाळत चालला. मामांचा फोन आला, "तू इंजिनेर न्हवं? यातली कुठली पावडर भारी, नेटवर बघून सांग की."

मी म्हटलं, "मामा, आधी तिन्ही बंद करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळतच नाही." प्रोग्राममधला बिघाड आम्ही असाच शोधतो.

जोरात धावताना रक्त स्नायूंकडे वळतं, आतड्याला कमी मिळतं, त्यात अंगाची उष्णता वाढते. म्हणून कष्टाच्या कुत्र्यांचं पोट लवकर बिघडतं. अलास्कातल्या लांब शर्यतींत बर्फगाडी ओढणाऱ्या अनेक कुत्र्यांच्या जठरात व्रण सापडले आहेत. पण ती कुत्री थंडीत दिवसचे दिवस पळतात आणि भरपूर चरबीवर जगतात. कारवानीची धाव काही मिनिटांची, तीही आपल्या उन्हाळ्यातली. तिथला खुराक इथे तसाच चालणार नाही.

आता डब्यांचं. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू. कोणत्या वाणाचे आणि किती, हे लेबलवर नसेल तर आपण काय घेतलं तेच कळत नाही. शिवाय डबा उन्हात तापला तर जंतू मरतात. समतोल खाणाऱ्या कुत्र्याला वरून कॅल्शियम लागत नाही. मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांची हाडं तर जास्त कॅल्शियमने बिघडतात. आणि तेल एकदम जास्त झालं की शी पातळ होतेच.

भाकरीवर मात्र उगाच आळ येतो. लांडग्यापेक्षा कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती जास्त असतात, हे २०१३ साली संशोधकांनी दाखवलं. शिजलेली ज्वारी त्याला पचते. नुसत्या भाकरीवर पळणारं कुत्रं टिकत नाही, जोडीला अंडी किंवा मांस हवंच.

डबे बंद करून मामा शीचा नमुना घेऊन पशुवैद्यांकडे गेले. सूक्ष्मदर्शकाखाली अंकुशकृमीची अंडी दिसली. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. चंद्या वाळत होता तो यामुळे. जंताचं औषध झालं. जेवण दोन वेळांत विभागलं, आणि धाव व जेवण यांत काही तासांचं अंतर ठेवलं. हगवण कमी झाली, पण शेंब थोडी राहिली. मग डॉक्टरांनी सांगितल्या मापाने इसबगोल सुरू केला, भरपूर पाण्यात भिजवून. त्याचा तंतू पाणी धरून ठेवतो, आणि त्यातला जो भाग मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात त्यातून आतड्याच्या पेशींना खाद्य मिळतं. पोर्तुगालमधल्या पोलीस कुत्र्यांच्या जुनाट हगवणीवरही इसबगोलाचा चांगला गुण दिसला आहे. हा इसबगोल पिकतो आपल्या शेजारच्या गुजरातेत, आणि उंझ्याच्या बाजारातून जगभर जातो.

पूरक आहार वाईट असं माझं म्हणणं नाही. उणीव कोणती ते कळलं तर तो उपयोगी पडतो. पण तो जंताच्या तपासणीची, पाण्याची आणि जेवणाच्या वेळेची जागा घेत नाही. तुमच्याकडे राखणीचं किंवा पळणारं कुत्रं असेल तर डबा उघडण्याआधी आठवडाभर त्याची शी बघा आणि रोज लिहून ठेवा. रक्त दिसलं, जेवण सुटलं किंवा पोट टणक फुगलं तर आठवडा सोडा, तासभरही थांबू नका.

मामांनी आता गोठ्यातल्या कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहायला घेतलाय, कडक शीला १ आणि पाण्यासारखीला ७. मामी म्हणतात, "माझ्या बीपीच्या गोळीची एवढी आठवण ठेवली असती तर!"