अक्कांचा रेझ्युमे

कथक शिकलेल्या मुलीला रेझ्युमे लिहिणं तसं सोपं जातं. गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘विशारद’ एवढं लिहिलं, की प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सात परीक्षा वाचणाऱ्याला न सांगता कळतात. गुरूंच्या नावावरून घराणं कळतं, विद्यापीठाच्या पदवीवरून पुढचं कळतं. माझा स्वतःचा रेझ्युमे याच आधारांवर उभा आहे. संगीत बारीत उभं आयुष्य काढलेल्या एका लावणी कलावंतासाठी लिहायला बसले, तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं.

अक्का चौफुला, मोडनिंब, जामखेड इथल्या थिएटरांत नाचल्या, गायल्या. पुण्याच्या आर्यभूषण थिएटरमध्येही काही वर्षं त्यांची पार्टी, म्हणजे कलावंतांचा संच, होती. एका कॉलेजच्या नाट्यविभागाला लावणीच्या कार्यशाळेसाठी कलावंत हवी होती आणि त्यांनी दोन पानांचा रेझ्युमे आणि व्हिडिओ मागवला होता. अक्कांच्या भाच्यानं नोकरीच्या अर्जाचा तयार नमुना घेऊन एक कागद करून दिला होता. त्यात वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, शिक्षण चौथी पास, छंद नृत्य. अनुभवाच्या जागी एकच ओळ होती : विविध सांस्कृतिक कार्यक्रमांत सहभाग.

‘अक्का, थिएटरांची नावं कुठंच नाहीत यात.’

‘पोरगं लाजतंय गं. थेटर म्हटलं की लोक निराळंच समजत्यात.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘पण तू लिही. मी तिथंच शिकले.’

त्या वाक्यानं माझं काम सरळ झालं. ‘शिक्षण’ या मथळ्याखाली पहिली ओळ गेली ती मावशीची. मावशी पार्टीची मालकीण, बैठकीची लावणी अक्का तिच्याकडे शिकल्या, आणि पायांची तयारी आईकडे. खाली थिएटरांची नावं सालांसकट. चौथी पास हेही ठेवलं, पण त्या पानावर ते सगळ्यात शेवटी आलं.

खरा वेळ गेला तो पुढच्या प्रश्नाला : तुम्हाला काय काय येतं? ‘लावणी येते,’ म्हणाल्या. मी म्हटलं, गाऊन दाखवा, मी लिहीत जाते. त्या एकेक लावणी उचलत गेल्या आणि वहीत आपोआप गट पडत गेले. विरहाच्या बालेघाटी लावण्या एकीकडे, छक्कड एकीकडे, सवाल-जवाबाच्या वेगळ्या, चौकाच्या वेगळ्या. बैठकीत बसून, फक्त डोळे, भुवया आणि हातांवर एकच ओळ कितीतरी अर्थांनी फिरवायची, ही अदाकारी त्यांची खासियत. कथकमध्ये आम्ही ठुमरीला बसून भाव करतो, त्यामुळे हे किती अवघड आहे ते मला ठाऊक होतं. शिवाय अक्का अदा करताना स्वतः गातात. माझ्यासारख्या नर्तकीला ते जमत नाही. म्हणून रेझ्युमेच्या पहिल्याच ओळीत लिहिलं : बैठकीच्या आणि खड्या लावणीची नर्तकी व गायिका. ‘प्रख्यात’, ‘लोकप्रिय’, ‘रसिकांच्या गळ्यातील ताईत’ असलं काहीही नाही. निवड करणारा माणूस विशेषणं वाचतच नाही. या बाईला बोलावलं तर माझ्या रंगमंचावर नेमकं काय होईल, एवढंच त्याला हवं असतं.

माझ्या विद्यार्थिनींना हे मी नेहमी सांगते. ‘पुणे, मुंबई, नागपूर येथे सादरीकरण’ या ओळीतून काय कळतं? त्यापेक्षा ‘एकल, झपताल, चाळीस मिनिटं, तबला, पेटी आणि पढंत यांच्या साथीनं’ असं लिहिलं तर दहा मात्रांचा ताल इतका वेळ एकटीनं पेलण्याची तयारी दिसते. सिनेमातल्या नाचासाठीचा कागद अर्थात वेगळा असतो. तिथं उंची लागते, पूर्णाकृती फोटो लागतो, कुठल्या नृत्यदिग्दर्शकाकडे काम केलं ते लागतं, आणि एका पानात भागतं.

अकलूजच्या लावणी स्पर्धेपाशी आम्ही अडलो. अक्का तिथं पार्टीबरोबर उतरल्या होत्या, आणि भाच्याच्या कागदावर ते ‘वैयक्तिक यश’ म्हणून आलं होतं. अक्कांना ते पटेना. ‘आम्ही सगळ्या होतो की.’ मग लिहिलं : पार्टीसह सहभाग, मुख्य नर्तकी व गायन. समूहात आपण कुठं उभे होतो हे सांगितल्यानं कुणी लहान होत नाही, उलट कागदावरचा विश्वास वाढतो. नृत्याचं जग एवढंसं आहे, फुगवलेली ओळ चार दिवसांत उघडी पडते.

व्हिडिओची तर वेगळीच कथा. भाच्याकडे रील्स होत्या, झगमगाटाच्या, दर दोन सेकंदांना तुटणाऱ्या. त्यांत अक्का दिसत होत्या, अक्कांचं काम नाही. आम्ही त्यांच्या घरीच दोन चित्रणं केली. बैठकीच्या लावणीला कॅमेरा जवळ, डोळे दिसतील इतका. खड्या लावणीला लांब, घुंगरांपासून केसांतल्या गजऱ्यापर्यंत सगळं अंग चौकटीत. दोन्ही एका दमात, मध्ये काटछाट नाही. ढोलकीचा आवाज गाण्यावर चढू नये म्हणून ढोलकीवाल्या दादांना दाराशी बसवलं. आधी ते रागावले, पण ऐकून बघितल्यावर त्यांनाही पटलं.

दोन पानं भरत आली तेव्हा अक्कांनी विचारलं, ‘दादांचं आन् पेटीवाल्यांचं नाव कुठंय?’ रेझ्युमे एकट्याचा असतो, असं सांगायला मी तोंड उघडलं, पण म्हटलं नाही. धुमाळीची लग्गी दादांनी कुठं उचलायची हे अक्का नजरेनं सांगतात. रेकॉर्डवर तो खेळ होत नाही, आणि कार्यशाळेतल्या मुलांनी शिकायचा तो नेमका हाच. ‘साथसंगत’ असा शेवटचा परिच्छेद केला. दोघांची नावं, त्यांचा अनुभव, आणि स्पष्ट ओळ : कार्यशाळा प्रत्यक्ष साथीवरच होईल, साथीदारांचं मानधन स्वतंत्र.

अशी अट रेझ्युमेत घालू नये, असं मला माझ्या ओळखीच्या एका आयोजकानं सांगितलं. आम्ही ती ठेवली. कॉलेजमधून फोन आला तो दादांच्या आणि पेटीवाल्यांच्या राहण्याची सोय कुठं करायची, हे विचारायला.