भाऊ, लावायची का?

वयाच्या 42 व्या वर्षी मी गिअरची मोटारसायकल शिकले. स्कूटर वीस वर्षं चालवली होती, पण धाकट्या भावाने त्याची जुनी पल्सर विकायला काढली तेव्हा वाटलं, ही आपल्यालाही यायला हवी. कोथरूडमधल्या एका मैदानावर दीड महिना सराव केला. क्लच सोडताना गाडी बंद पडायची थांबली, आठचा आकडा काढता येऊ लागला, पक्कं लायसन्स हातात आलं. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, मी एकटीच ताम्हिणी घाटाकडे निघाले.

सकाळी साडेसहाला चांदणी चौक ओलांडला. भूगाव, भुकूम, पिरंगुटचा छोटा घाट, मग पौड. दुधाच्या किटल्या लावलेल्या दुचाक्या समोरून येत होत्या. पौड मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना भातखाचरं लागली. डोंगरउतारावर सोनकी फुललेली होती. रस्ता रात्रीच्या पावसाने ओला होता आणि कडेला, डांबर जिथे संपतं तिथे, शेवाळ धरलं होतं. वेग चाळीसच्या आतच होता. इतकी सुखी मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

मुळशीचं पाणी दिसायला लागलं त्या सुमाराला मागून अप्पर, म्हणजे हेडलाईटचा प्रखर झोत, पडला. आरशात पाहिलं, काळी, उंच चारचाकी होती. मी डावीकडे घेऊन हाताने साईड दिली. गाडी पुढे गेली नाही. पुन्हा अप्पर, मग लांबलचक हॉर्न. मी आणखी डावीकडे सरकले, तर चाक शेवाळावरून किंचित घसरलं. छातीत धस्स झालं. समोर रस्ता मोकळा असूनही ती गाडी मागेच.

मैदानावर आमच्या सरांनी सांगितलं होतं, मागून कुणी हॉर्न देऊन खुणा करत असेल तर आधी साईड स्टँड बघायचा, तो उघडा राहिला असेल. मी मान खाली घालून पाहिलं. स्टँड वर होता. इंडिकेटर चालू राहिला असेल म्हणून बटण दाबलं, तर तो बंदच होता. तेवढ्यात ती गाडी माझ्या बरोबरीला आली. डावीकडची काच खाली झाली, आतलं गाणं बाहेर आलं, आणि एका बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने हात बाहेर काढून विचारलं, ‘‘भाऊ, लावायची का?’’

हेल्मेट, जॅकेट, हातमोजे. आत बाई आहे हे त्याला कळलंच नव्हतं. आणि काय लावायची, हे मला कळलं नव्हतं. धुकं होतं, म्हणून मला वाटलं तो हेडलाईटबद्दल बोलतोय. मी दिवा लावला. दोनदा, कारण पहिल्यांदा बटण नीट बसलं नाही. आत एकदम आरडाओरडा झाला, कुणीतरी दारावर थापा मारल्या आणि गाडी सुसाट पुढे गेली.

मला वाटलं, सुटले. पुढच्या वळणानंतर ती रस्त्याच्या मधोमध अगदी हळू चालली होती. मी उजवीकडून काढली. तिने मला पुढे जाऊ दिलं आणि लगेच मागच्या चाकाला चिकटली. मग बाजूने येऊन कट मारला, इतक्या जवळून की तिच्या वाऱ्याने माझं हँडल हललं. पुन्हा हळू, पुन्हा मागे. कसला राग आहे यांना, हे मला समजेना. मी काही चुकले का? वाट अडवली का? त्या पाच-सहा मिनिटांत मी हाच प्रश्न स्वतःला विचारत होते, आणि तोच चुकीचा होता. त्यांना राग आलेलाच नव्हता. त्यांना सोबत धावणारं कुणीतरी हवं होतं.

मग मी तेच केलं जे करायला नको होतं. वेग वाढवला. यांच्यापासून सुटायचं तर लांब गेलं पाहिजे, एवढं एकच डोक्यात होतं. काटा 72 वर गेलेला मी स्वतः पाहिला. गाडी बरोबरीला आली, उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या मार्गिकेत. डावीकडे दगडी कठडा होता. आणि वळणातून लाल एसटी आली.

एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्नवरून हात काढला नाही. काळ्या गाडीने ब्रेक मारला, तिचं मागचं अंग फिरल्यासारखं झालं, ती माझ्या मागे शिरली. मी कठड्याच्या इतकी जवळ गेले की त्यावरचा पांढरा चुना अजून डोळ्यांपुढे आहे. एसटीच्या खिडकीत एक म्हातारे आजोबा दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून बसलेले दिसले. एक क्षणभर, बस. मग सगळं पुढे निघून गेलं.

थोड्या अंतरावर प्लास्टिकचा कागद बांधलेली एक टपरी दिसली. चार माणसं होती, एक टेम्पो उभा होता. मी गाडी आत घेतली. काळी गाडी टपरीसमोर थांबली, इंजिन दोन-तीनदा रेस केलं आणि निघून गेली. नंबरातले शेवटचे दोनच आकडे माझ्या लक्षात राहिले. फोनला रेंज नव्हती.

टपरीवरच्या मावशींनी चहाचा ग्लास पुढे केला. तो माझ्या हातात इतका हलत होता की चहा बोटांवर सांडला. त्यांनी तो काढून घेतला आणि म्हणाल्या, ‘‘ताई, बसा आधी. शनिवार-रविवार हेच चालतंय इथं.’’

टेम्पोवाले काका पन्नाशी ओलांडलेले, निवे गावाकडचे. पुण्याला माल नेऊन या घाटात रोजची ये-जा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘‘ताई, तुम्ही पिळली का गाडी?’’

‘‘हो. भीतीने.’’

‘‘भीती तुम्हाला ठाऊक. त्यांना काय दिसलं? गाडी पळाली. म्हणजे तुम्ही हो म्हणालात.’’

त्या एका वाक्यात मला सगळी सकाळ उलगडली. लावायची होती ती शर्यत. मी दोनदा लावलेला दिवा, मी वाढवलेला वेग, दोन्ही त्यांनी होकारच मानले असणार. माझी भीती त्यांना तयारी वाटली.

काकांनी पुढे जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत उतरवलं. मूठ एकदम सोडायची नाही, हळूहळू ढिली करायची, कारण मागचा चिकटलेला असतो आणि ब्रेक दाबला तर तोच अंगावर येतो. त्याच्याकडे बघायचं नाही, हात-खुणा करायच्या नाहीत, शिवी तर नाहीच नाही. आरशात लक्ष, पण नजर रस्त्यावर. साईड द्यायची ती डांबर सोडून द्यायची नाही, शेवाळावर गेलात तर त्याने न पाडताच तुम्ही पडाल. वळणावर आणि निर्मनुष्य जागी थांबायचं नाही. टपरी, पेट्रोल पंप, देऊळ, जिथे माणसं असतील तिथेच थांबायचं. नंबर तोंडाने मोठ्याने म्हणायचा, म्हणजे लक्षात राहतो. आणि मागे लागलेली गाडी आपल्या घरापर्यंत न्यायची नाही. ‘‘खेळ एकट्याने रंगत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘दोन मिनिटं चाळीसने चाला, कंटाळून जातात.’’ रेंज आल्यावर 112 ला फोन करायचा, हे माझं मी त्यात जोडलं आहे.

घरी आल्यावर आणखी एक गोष्ट केली. हिशोब मांडला. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर, आणि 72 म्हणजे 20 मीटर. काहीतरी आडवं आलं हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात 36 ने जाणारी गाडी 15 मीटर पुढे गेलेली असते, 72 ने जाणारी 30 मीटर. त्यानंतर ब्रेक लागतो, आणि तिथे गणित आणखी कठोर होतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून थांबायचं अंतर चौपट होतं. ओल्या रस्त्यावर 36 ला ते साधारण साडेबारा मीटर धरलं, तर 72 ला 50 मीटर. दोन्ही मिळून एकीकडे जेमतेम 28 मीटर, दुसरीकडे 80. त्या वळणावर मला समोरचं चाळीस मीटरही दिसत नव्हतं. म्हणजे एसटी माझ्याच मार्गिकेत असती, तर मी कितीही चांगली चालक असते तरी थांबू शकले नसते. माझा जीव माझ्या कौशल्याने वाचलेला नाही, हे मला वहीच्या त्या पानाने सांगितलं.

कायद्यातही पाहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 189 रस्त्यावरच्या विनापरवाना शर्यतीबद्दलच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड. धोकादायक वाहन चालवण्यासाठी कलम 184 वेगळं आहे. मी फक्त सुटायला पळत होते. पण वेग वाढवल्यावरच्या त्या दीड मिनिटाचं चित्रण कुणी पाहिलं असतं, तर त्यात दोन गाड्या शर्यत लावताना दिसल्या असत्या. हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो.

देशात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. केंद्र सरकारच्या अहवालानुसार त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. पुण्याला हे आकड्यांतून समजावून सांगायची गरज नाही. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा 17 वर्षांचा होता, आणि जामिनाच्या अटींत त्याला रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं गेलं. सगळं शहर तेव्हा संतापलं होतं. ते दोघे कुणाशीही शर्यत लावत नव्हते. दुसऱ्याच्या वेगापुढे दुचाकीवरच्या माणसाजवळ काय असतं? एक हेल्मेट आणि नशीब.

वेगाची हौस वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. पुणे जिल्ह्याला शर्यतीचं वेड जुनं आहे. आमच्याकडे बैलगाडा जिथे पळतो त्या धावपट्टीलाही घाटच म्हणतात. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यक बैल तपासतात, धाव एक हजार मीटरच्या आत असते. तिथे प्रत्येक गाडामालक आपणहून नाव नोंदवतो. बैलांसाठी आपण एवढा विचार केला. मोटारींच्या शर्यतीसाठीही चेन्नईजवळ आणि कोइमतूरला बांधलेले ट्रॅक आहेत, तिथे हेल्मेट, परवाना, रुग्णवाहिका सगळं असतं. शर्यतीचा घाट वेगळा आणि रहदारीचा घाट वेगळा, एवढंच मला म्हणायचं आहे.

आणि हा रहदारीचा घाट कुणाचा आहे तेही आठवावं. त्या सकाळी टपरीवर बसून मी समोरचं मुळशी धरणाचं पाणी बघत होते. त्या पाण्याखाली मावळातली गावं आणि भातशेती गेली. ते रोखण्यासाठीच 1921 साली इथे सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला. जमीन गेली, आणि जे वर सरकून राहिले त्यांच्या दारावरून हा रस्ता जातो. मी बसले असताना एक मुलगी डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्याच शेवाळलेल्या कडेने चालत गेली. मागून गाडी आली की ती न बघता कठड्याला टेकून उभी राहायची. तिला सवय झाली होती. माझी दोन तासांची सहल होती, तिची रोजची वाट आहे. तिला कुणी ‘लावायची का’ असं विचारलं नव्हतं, आणि त्या शर्यतीत तीही होती.

मी मोटारसायकल सोडलेली नाही. पुढच्याच महिन्यात पुन्हा ताम्हिणीला गेले. टपरीवर थांबले, मावशींच्या हातचा चहा या वेळी न सांडता प्यायले. येताना पिरंगुटच्या अलीकडे एकाने मागून अप्पर मारला, बरोबरीला आला, इंजिन गुरगुरवलं. मी मूठ हळूच ढिली केली. 45, 40, 35. नजर समोर. त्याने थोडी वाट पाहिली आणि निघून गेला. मी त्याचा नंबर मोठ्याने दोनदा म्हटला.

नव्याने गाडी शिकलेल्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. कुणी मागे लागलं तर पळून सुटका होत नाही, कारण तुमचं पळणं हाच त्याला होकार वाटतो. वेग कमी करा, डांबर सोडू नका, माणसांत जाऊन थांबा. आणि काळ्या गाडीतल्या मुलांनो, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे आहात म्हणून सांगते. पुढच्या वेळी समोर हेल्मेट दिसलं की त्याच्या आत कोण असेल याचा विचार करा. तुम्हाला ठाऊक नसतं. त्या दिवशी त्यात तीन आठवड्यांपूर्वी गाडी शिकलेली एक आई होती.