अष्टमीचा समुद्र

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर पेण शहराच्या अलीकडे हमरापूर लागते आणि त्याला लागूनच जोहे हे गाव आहे. नकाशात शोधावे लागणारे हे गाव गणेशमूर्तींच्या व्यापाराला मात्र चांगले ठाऊक आहे. येथे घरोघरी मूर्तींचे कारखाने असून भाद्रपद संपला की लगेच पुढल्या भाद्रपदाची तयारी सुरू होते. अंगणात, पडवीत, मांडवाखाली पांढऱ्या कच्च्या मूर्तींच्या रांगा वाळत असतात. साचे भरणारे हात निराळे, घासून सफाई करणारे निराळे आणि डोळ्यांची आखणी करणारे निराळे. शेवटचे काम सर्वांना साधत नाही. म्हणूनच त्याला मान अधिक.

मार्गशीर्षातील शुद्ध अष्टमीच्या सकाळी पुण्याकडचे दोन बालमित्र या गावी येऊन पोहोचले. एकाचे पूजासाहित्याचे दुकान, दुसऱ्याची धान्याची आडत. पहिल्याला पुढील हंगामाच्या मूर्तींचा बयाणा द्यायचा होता आणि त्या निमित्ताने दोन दिवस समुद्रकिनारी घालवावेत, असा बेत होता. व्यापारी माणसाची सुटी अशीच असते. कामाच्या पदराला ती बांधून घ्यावी लागते. तीस वर्षांच्या मैत्रीत दोघांनी एकत्र केलेला हा पहिलाच प्रवास होता. आडतदार चौविहार पाळणारा, उकळलेले पाणी पिणारा. त्याच्या पिशवीत खाखरे, दशम्या आणि कोरडी चटणी होती. दुकानदाराचे नियम पर्युषणापुरते.

जोह्यात आडतदाराचे लक्ष मूर्तींपेक्षा मालाच्या गोण्यांकडे गेले. शाडूची माती गुजरातेतून, भावनगरकडून येते. प्लास्टर राजस्थानातून येते आणि त्यांना रूप देतात ते कोकणातले हात. त्याचे स्वतःचे पूर्वजही मारवाडातून निघून घाटावर स्थिरावले होते. जी वाट माणसांनी धरली तीच मालानेही धरली, हे पाहून त्याला मोठे कौतुक वाटले. बयाणा देऊन झाला, वहीत नोंद झाली आणि दोघे वडखळवरून अलिबागकडे निघाले. पेणपासून अलिबाग सुमारे 30 किलोमीटर. धरमतरची खाडी ओलांडली की हवेला खारटपणा येतो, पुढे कार्लेखिंडीचा घाट उतरला की नारळी-पोफळीच्या वाड्या दिसू लागतात.

भर दुपारी दोघे अलिबागच्या पुळणीवर उभे होते. समोर पाण्यात कुलाबा किल्ला. शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळात, 1680 च्या सुमारास त्याची उभारणी सुरू झाली. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे बनला. ओहोटीला तेथे पायी जाता येते, असे दोघांनी ऐकले होते. ओहोटीची वेळही झाली होती. पण पाणी पुरते ओसरलेच नव्हते. वाटेवर गुडघ्याच्या वर पाणी होते आणि त्यातून घोडागाड्या प्रवाशांना नेत होत्या.

दुकानदार गाडी ठरवू लागला. आडतदाराने मान हलवली. खाऱ्या पाण्यातून, ओल्या वाळूत रुतत, पाठीवर चाबूक घेत जनावराने ओढावे आणि आपण वर बसून मौज पाहावी, हे त्याला पटेना. "तू जाऊन ये, मी इथे बसतो," तो म्हणाला. "तुझ्याबरोबर सहल म्हणजे सामायिकच!" दुकानदार उसळून बोलला. "हे खायचे नाही, ते प्यायचे नाही, इथे बसायचे नाही. मग आलास कशाला?" उत्तराची वाट न पाहता तो एकटाच गाडीत चढला.

किल्ल्यात त्याने 1759 साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर पाहिले आणि चारी बाजूंनी खारे पाणी असूनही गोड्या पाण्याची असलेली विहीर पाहिली. "केवढे हे आश्चर्य!" असे म्हणायला शेजारी कोणी नव्हते. पाहिलेले सांगायला सोबती नसेल तर पाहण्याची गोडी निम्म्यावर येते, हे त्याला तेथे उमगले.

इकडे आडतदार एका वृद्ध कोळ्याजवळ बसला होता. सुरुवातीला सुकत घातलेल्या मासळीच्या वासाने त्याचा जीव कासावीस झाला होता; जाळे विणणाऱ्या त्या म्हाताऱ्याने स्वतःहून वाऱ्याच्या वरच्या बाजूला जागा करून दिली. बोलता बोलता त्याने समुद्राचे गणित सांगितले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा. म्हणून भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. पण अष्टमीची भरती भांगाची. तेव्हा सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, म्हणून पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला दोघे एका रेषेत येतात. तेव्हा उधाण येते. पाणी खूप चढते आणि तितकेच दूर जाते. पुळण उघडी पडते ती तेव्हा.

आडतदार चकित झाला. अष्टमी आणि चतुर्दशी या दोन तिथी तो जन्मभर पाळत आला होता. त्याच दोन तिथी समुद्राच्या दोन टोकांच्या खुणा आहेत, हे मात्र त्याला कधी सुचले नव्हते. सहलीचा दिवस दुकानाच्या सोयीने ठरला होता. पंचांग पाहून चतुर्दशीला आले असते तर दोघेही घोडागाडीविना किल्ल्यात गेले असते.

दुकानदार परतला तेव्हा सव्वापाच वाजले होते. न विचारता त्याने सुरूच्या झाडाखाली रुमाल पसरला आणि मित्राच्या पिशवीतले खाखरे दोघांसाठी वाढले. त्याने विहिरीची हकीकत सांगितली, याने तिथीचे गणित. सूर्य क्षितिजाला टेकण्यापूर्वी जेवण आटोपले, पाणी पिऊन झाले. मग हात मोकळे, मन मोकळे. आजूबाजूची मंडळी खाण्याच्या गाड्यांभोवती दाटली असता हे दोघे निवांत सूर्यास्त पाहत होते. गणिताप्रमाणे भरती पायाशी आली होती आणि डोक्यावर अष्टमीचा अर्धा चंद्र होता.

दुसऱ्या दिवशी दोघे जवळच्या आक्षी गावी गेले. तेथील मराठी शिलालेख शके 934 चा मानला जातो. काही अभ्यासक तो नंतरचा समजतात. त्यात पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणून केसिदेवरायाचा उल्लेख आहे आणि देवीसाठी नऊ कुवली धान्य देण्याची तरतूद आहे. धान्याचे माप म्हणताच आडतदार दगडापुढून हलेना. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींच्या चरणांशी चामुंडरायाचे नाव सांगणारा मराठी लेख आहे, त्याची आठवण दुकानदारानेच काढली. मराठीचे दोन जुने अक्षरठेवे, एक समुद्राकाठी आणि एक जिनचरणी.

कोकणात जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी चतुर्दशी-पौर्णिमा किंवा अमावास्येच्या सुमाराचा दिवस निवडावा. तेव्हा ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास येते. पुळण मोकळी मिळते. भरतीची वेळ स्थानिकांना विचारूनच पाण्यात उतरावे, कारण उधाणाचे पाणी वेगाने परतते. शिदोरी घरची असावी. आणि सोबत्याचे नियम निघण्यापूर्वीच विचारून घ्यावेत. भांगाच्या दिवशी समुद्र अर्ध्यावर थांबतो म्हणून त्याच्यावर कोणी रागावत नाही. मित्रालाही तेवढी सवलत द्यावी.