गेमची पट्टी

आमच्या मावळात ‘माल विकला का?’ असं फारसं कुणी विचारत नाही. ‘पट्टी किती आली?’ असं विचारतात. भाजीचे क्रेट रात्रीच्या टेम्पोने पुण्याला मार्केट यार्डात जातात आणि मागाहून एक कागद येतो. वर विक्रीची रक्कम, खाली कापलेले पैसे: गाडीभाडं, हमाली, तोलाई. अप्पांनी जपून ठेवलेल्या जुन्या पट्ट्यांवर तर आडतही दिसते. सगळं वजा होऊन तळाला जो आकडा उरतो, तो आपला.

त्यामुळे मी गेमच्या कंपनीत नोकरीला लागले तेव्हा अप्पांचा पहिला प्रश्न होता, “तुमच्या गेमची पट्टी कोण करतं गं?”

मी तेव्हा हसले होते. आता तो प्रश्न माझ्याच गळ्यात आहे. माझे दोन मित्र नोकरी सोडून स्वतःचा गेम करणार आहेत. डोंगर, दगड, झाडं, पडके वाडे मी बनवायचे, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचंय. घरात धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची फी माझ्या पगारातून जाते. म्हणून कामशेत ते शिवाजीनगर लोकलच्या प्रवासात मी सध्या हीच पट्टी मांडत असते.

आधी पगारदारांचं बोलू, कारण आपल्याकडचे बहुतेक गेम डेव्हलपर पगारदार आहेत. तुम्ही एखादा मोठा गेम विकत घेतलात की त्यातला ठरावीक वाटा तो बनवणाऱ्याच्या खात्यात जातो, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. प्रती खपल्या म्हणून पगार आपोआप वाढत नाही, आणि बोनस द्यायचा की नाही हे कंपनी ठरवते. उलट बाजूही आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होता. 2020 मध्ये त्याची घोषणा झाली आणि 2022 मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. तोवर त्याची एकही प्रत विकली गेलेली नव्हती, तरी त्यावर राबणाऱ्यांचा पगार विक्रीसाठी थांबलेला नव्हता. नुकसानीत आपला वाटा नाही, तसा नफ्यातही नाही.

मावळच्या माणसाला हे समजायला सोपं आहे. सगळीकडे विकला जाणारा इंद्रायणी तांदूळ आमच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला. वाण तयार करणारे शास्त्रज्ञ पगारावर होते. पुढे कुणी किती पोती विकली, यावर त्यांचा पगार हलला नाही.

आता स्वतःच्या गेमची पट्टी. समजा, स्टीमवर आमचा गेम 499 रुपयांना आहे आणि तुम्ही तो घेतलात. त्यात 18 टक्के जीएसटी धरलेला असतो. तो काढला की साधारण 423 रुपये उरतात. त्यातले 30 टक्के, म्हणजे 127 रुपये, दुकानाचे. राहिले 296. तिघांत वाटले तर प्रत्येकी 99 रुपयांच्या आत, आणि यावर इन्कम टॅक्स अजून लागायचाच आहे.

हे 296 सुद्धा लगेच येत नाहीत. घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करता येतो. परत केला की ती विक्री आमच्या हिशोबातून वजा. एका महिन्याच्या विक्रीचे पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीस निघतात. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर आधीच कापला जातो. भारत-अमेरिका कर कराराचा फॉर्म नीट भरला तर रॉयल्टीवर 15 टक्के, नाहीतर 30. मग डॉलरचे रुपये होताना बँक आपलं घेते आणि पैसे कशाचे आले, त्याचा कोडही विचारते. गेम दुकानात मांडायलाच सुरुवातीला 100 डॉलर भरावे लागतात. विक्री 1000 डॉलरच्या वर गेली तरच ते परत मिळतात.

दुकानं सगळी सारखी नाहीत. एपिकने 2018 मध्ये आपलं दुकान उघडलं ते 12 टक्क्यांवर. गूगल प्ले 2021 पासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर 15 टक्के घेतं. स्टीमचा हिशोब मात्र उलटा आहे: एका गेमची कमाई एक कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या कमाईवर वाटा 25 टक्के, पाच कोटींच्या वर 20. अप्पा म्हणाले, “म्हणजे मोठ्या बागायतदाराला आडत कमी.” तेच ते.

मग मी उलटा हिशोब केला. तिघांनी महिन्याला 40 हजारांवर दोन वर्षं काढायची, तर 28 लाख 80 हजार लागतात. पूर्ण किमतीच्या साधारण 9,730 प्रती. निम्म्या किमतीच्या सेलमध्ये विकल्या तर जवळपास 19,500. कॉम्प्युटर, संगीत, जाहिरात यात धरलेलंच नाही. परदेशातली प्रत सहसा महाग जाते, तेवढाच आधार.

हे पैसे आधी कुठून आणायचे? एक वाट प्रकाशकाची. तो उचल देतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांना उचल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही: आधी ती फिटते, मग हातात पैसा येतो. प्रकाशकाच्या बहुतेक करारांतही विक्रीतून आधी त्याची रक्कम वसूल होते. गेम बरा चालला तरी बनवणाऱ्याला बरेच महिने काही मिळत नाही, असं होऊ शकतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ तुम्ही खेळला असाल. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. काम चालू राहावं म्हणून संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. पुढे प्रकाशक मिळाला आणि ऑगस्ट 2020 मध्ये गेम निन्टेंडो स्विचवर आला. ही गोष्ट आमच्या क्षेत्रात अभिमानाने सांगितली जाते. मी ती ऐकते तेव्हा मला आधी फ्लॅट आठवतो. माझ्याकडे विकायला फ्लॅट नाही. अप्पांची दीड एकर आहे, आणि तिच्याकडे मी बघणार नाही.

तरी मी हो म्हणणार आहे. अटी तीन. कुणाचा वाटा किती, हे पहिला दगड बनवायच्या आधी कागदावर. भावाची फी निघेल एवढं बाहेरचं काम चालू ठेवायचं. आणि प्रकाशकाच्या करारावर सही करण्याआधी त्याची वसुली कुठल्या रकमेतून आणि कुठवर चालणार, ते वकिलाकडून वाचून घ्यायचं. मित्रांना पहिली अट जरा लागली. “आपल्या आपल्यात कागद कशाला?” एक जण म्हणाला. भावाभावांत बांधावरून चाललेले खटले मी वडगावच्या कोर्टात पाहिलेत, म्हणून कागद.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. टेलिग्रामवर फुकट मिळणाऱ्या क्रॅक एपीकेची पट्टी शून्य असते. सेलची वाट बघितलीत तरी हरकत नाही, तेही पैसे पोचतात, फक्त कमी. आवडलेल्या छोट्या गेमवर दोन ओळींचा रिव्ह्यू लिहा, मराठीत लिहिलात तरी चालेल. त्यातून कुणीतरी आणखी एक प्रत घेतो. तिघांच्या टीमला पोचलेली अशी प्रत्येक प्रत मोजता येते, आणि आम्ही ती मोजणार आहोत.