तापीकाठी राहिलेले

मिर्झाराजे जयसिंह मराठी वाचकाच्या मनात पुरंदरापाशीच थांबतात. १६६५ चा तह झाला, २३ किल्ले गेले, की पाठ्यपुस्तकातून ते दिसेनासे होतात. पुढे विजापूरची मोहीम फसली, आग्र्याहून शिवाजी महाराज निसटले, मिर्झाराजांचा थोरला मुलगा रामसिंह बादशहाच्या मर्जीतून उतरला. दख्खनेतून माघारी बोलावलेला हा थकलेला सेनापती २८ ऑगस्ट १६६७ रोजी बुऱ्हाणपुरात वारला. त्यांचं आमेर तिथून शेकडो कोस. तापी आणि मोहनेच्या संगमावर, बोहर्डा गावाजवळ त्यांची छत्री आहे. ‘राजा की छत्री’ म्हणून ती ओळखली जाते, पुरातत्त्व खात्याचं तिला संरक्षणही आहे. पण आमेरच्या घराण्यातलं कुणी वर्षश्राद्धाला इथवर येईल, अशी ही जागा नव्हे.

समाध्या आणि छत्र्यांच्या अभ्यासात ‘बांधली कुणी’ हे लवकर कळतं. ‘आज झाडतं कोण’ हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी बुऱ्हाणपूरसारखं गाव नाही. मोगलांची दख्खनची छावणीच ती. दूरदूरची माणसं इथे आली आणि इथेच गेली. शहाजादा खुसरौ १६२२ मध्ये भावाच्या, म्हणजे खुर्रमच्या, कैदेत मेला. त्याचं शव अखेर अलाहाबादेस पोचलं. मुमताज महल १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात गेली आणि सहा महिने पलीकडच्या काठावर जैनाबादच्या बागेत होती. मग तिला आग्र्याला नेलं. पुढचं जगाला ठाऊक आहे.

ज्याला न्यायला कुणीच आलं नाही, असा माणूस शहराच्या उत्तरेला, सुमारे २० किलोमीटरवरच्या असीरगडावर सापडतो: सुरेंद्र साय. संबळपूरच्या गादीचे हे हक्कदार १८४० पासून हजारीबागच्या तुरुंगात होते. १८५७ मध्ये बंडवाल्या शिपायांनी तुरुंग फोडला, तेव्हा ते बाहेर पडले आणि १८६२ पर्यंत डोंगरांतून इंग्रजांशी लढले. शरण आल्यावरही १८६४ मध्ये त्यांना पुन्हा पकडलं. गंमत अशी, की न्यायिक आयुक्त कॅम्पबेल यांनी कटाचा आरोप टिकत नाही असा निकाल दिला. सरकारनं मग खटल्याशिवाय डांबण्याची मुभा देणारं १८१८ चं रेग्युलेशन काढलं आणि सुटलेला माणूस कैदेतच ठेवला. नागपूरमार्गे ते असीरगडावर आले आणि १८८४ मध्ये तिथेच वारले. दोन्ही कैदा मिळून जवळपास ३७ वर्षं!

ओडिशानं त्यांना विसरलेलं नाही. झारसुगुड्याचा विमानतळ आणि बुर्ल्याचं तंत्रविद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे. असीरगडावर जाणाऱ्याच्या कानावर मात्र आधी अश्वत्थामा येतो. पहाटे येऊन तो महादेवाला फूल वाहतो म्हणे. जो मरतच नाही त्याची कथा घरोघरी, आणि जो खरोखर इथे मेला त्याच्यासाठी ओडिशाकडे पाहायचं, हे मला खटकतं.

याउलट बुऱ्हाणपुरातल्याच लोधीपुऱ्यातली दर्गाह-ए-हकीमी पाहा. सैयदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन १७३० मध्ये इथे वारले. आज त्यांच्या वंशात कोण, याची चौकशी करायची वेळच येत नाही. देशोदेशीचे दाऊदी बोहरा येतात, झियारत करतात. संगमरवर स्वच्छ, राहण्याजेवणाची सोय चोख. तिथे झाडणारा ठरलेला आहे.

आपल्याकडे सर्वपित्रीला तिथी माहीत नसलेल्यांचंही श्राद्ध होतं आणि तर्पणाच्या शेवटी ज्यांना कुणीच नाही त्यांनाही पाणी सोडतात. पण बुऱ्हाणपूरवरून जाणाऱ्या भुसावळ-खंडवा लोहमार्गावर आज एखादा अनोळखी मजूर मेला, तर त्याचा मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची पोलीस नोंद, कायम होतो, पंचनाम्यात उंची, कपडे, गोंदण उतरवलं जातं आणि वारस मिळाला नाही तर अंत्यसंस्कार उरकतात. अयोध्येच्या मोहम्मद शरीफ यांना अशाच मृतांच्या सेवेसाठी पद्मश्री मिळाली; १९९२ मध्ये त्यांचा स्वतःचा मुलगा बेवारस म्हणून गेला होता. अग्नी किंवा माती देणारे हात मिळतात. गोंदणाची ती नोंद मात्र पोलिसांच्या कागदात राहते. दहन-दफनाच्या वहीत तीच ओळ मर्ग क्रमांकासह उतरवली, तर चार वर्षांनी शोधत आलेल्या भावाला निदान जागा दाखवता येईल.